पाचवी खिडकी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. असेल. पण चांद्यातले पहिले आठ महिने ती भिंगरी एकाच रेघेवर फिरत होती. खोली ते शाळा, शाळा ते खोली, आणि रविवारी स्टेशन. स्टेशनवर मला कुणाला आणायचं नसायचं की पोचवायचं नसायचं. वर्ध्याकडे जाणारी गाडी सुटताना बघायची आणि परत फिरायचं, एवढंच. एकदा तिकीट तपासणाऱ्याने विचारलं, "बाई, तुमचा माणूस येतच नाही का कधी?" त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले.

मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी ती पहिली नेमणूक. वर्ध्याला माझी आई होती आणि सरळ रस्ते होते. इकडे चांद्याला सगळं वाकडं. गल्ल्या वाकड्या, पाणी कुठे खारं तर कुठे गोडं, कोळशाच्या खाणींची काळी भुकटी वाऱ्यावर उडत यायची आणि वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत मळकं व्हायचं. आणि या सगळ्याभोवती गोंड राजांच्या वेळचा तो दगडी परकोट. उंच, काळा, जिकडे जावं तिकडे आडवा. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले की दहाव्या मिनिटाला समोर भिंत. मला कोंडून घातल्यासारखं वाटायचं. बदलीसाठी मी दोन अर्ज केले होते. दोन्ही कुठेतरी टेबलांवर पडून होते.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या नंतरची ही गोष्ट. राज्य बदललं तसे कागदही बदलले. नवे साहेब आले, तेही पार सातारा-पुण्याकडचे. त्यांना आमचं गाव माहीत नव्हतं, म्हणून गावाची माहिती मागवणारे तक्ते सुटले. त्यातला एक शाळेत आला: गावातील जुनी व प्रेक्षणीय स्थळे. पाच रकाने होते. स्थळ, माप, सध्याची अवस्था, उपयोग आणि सूचना.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नागपूरच्या. अक्षर आणि वेळ या दोन गोष्टींपुढे त्यांना जगात तिसरी दिसत नसे. त्यांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला.

"तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुम्हाला बसवत नाही," त्या म्हणाल्या. "गाव हिंडा आणि वहीत नीट उतरवून काढा. वही पुरी झाली की त्याच दिवशी तुमच्या बदलीच्या अर्जावर शिफारस लिहिते."

मग काय विचारता! मी त्याच संध्याकाळी निघाले.

पहिले चार दिवस मी खरोखर हिंडले, हे मला सांगितलंच पाहिजे. जटपुरा दरवाजा माझ्या खोलीजवळच होता. त्याच्यावरचा, हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह मी पहिल्यांदा नीट पाहिला तो मोजपट्टी हातात असताना. बाकीचे तीन दरवाजे पाहिले. महाकालीचं देऊळ, राजांच्या समाध्या, तलाव, सगळं पाहिलं. बाजाराच्या दिवशी बाजार पाहिला. कुरखेड्याकडून आलेले तांदळाचे गाडे, अहेरीकडून आलेली बांबूची सुपं-टोपल्या, मोहाच्या फुलांचा तो डोक्यात जाणारा गोड वास, आणि त्याच्या मधोमध खाणीतून सुटून आलेले, फक्त डोळे आणि दात पांढरे असलेले लोक मिरच्या निवडताना. हे लिहायला मजा आली, खोटं का बोला. गाव कसं वसलं तीही गोष्ट लिहून घेतली. राजा शिकारीला गेला असताना एक ससा उलटा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला, आणि ससा जिथून जिथून धावला तिथून परकोट बांधला, अशी ती गोष्ट. म्हणजे एवढी मोठी भिंत एका सशाच्या पायानं आखली. मला तो ससा आपल्यातला वाटला.

पाचव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. चैत्र लागला होता, ऊन चढलं होतं आणि रकाने संपत नव्हते. दरवाजे चार झाले. पुढे आल्या खिडक्या.

आता इथं माझं अज्ञान सांगायला हवं. वर्ध्याला परकोट नाही. मला खिडकी म्हणजे खिडकी. जिच्यातून वारा येतो, जिच्यात उभं राहून रस्ता बघतात, ती. परकोटाला खिडक्या आहेत असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, शत्रू येतो का ते बघायला शिपायांसाठी ठेवलेली भोकं असतील. आठ महिने त्या गावात राहून मला दुसरं काही वाटलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. जाणं-येणं मोठ्या दरवाज्यातून. शिवाय जे गाव सोडूनच जायचं आहे, त्याची विचारपूस कोण करतं?

आणि कानावर काही पडलं नव्हतं असंही नाही. आमच्या शाळेत एक बोलावणारी होती. म्हणजे सकाळी घरोघर जाऊन, मुलींना गोळा करून शाळेत आणणारी बाई. तेव्हा मुलींच्या शाळांना अशी बाई असायची, नाहीतर निम्म्या मुली आल्याच नसत्या. शाळेचं पाणीही तीच भरायची. पन्नाशीची, सडपातळ, एका गुडघ्यानं अधू. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला उशीर झाला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "काय करू जी, खिडकीत गर्दी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी," मी म्हटलं, "खिडकीत बसायला तुम्हाला बरा वेळ मिळतो!"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला वाटलं, मी गंमत केली. मला वाटलं, ही उद्धट आहे. पुढे कितीतरी दिवस ती मुलींना ते सांगून हसायची आणि मी कपाळाला आठ्या घालून हजेरी घ्यायची.

तर खिडक्या. वर्गात मी विचारलं, "परकोटाला खिडक्या किती?" मुलींनी पाच सांगितल्या आणि पाढे म्हणावेत तशी पाचही नावं म्हटली. मी टेबलाशी बसून उतरवून घेतली. कोणती धड, कोणती मोडकी, तेही त्यांनाच विचारलं. पाचवीचं नाव निघालं तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिची चौकट पडली न बाई! डुक्करं घुसतेत तिच्यातून." सगळा वर्ग हसला.

त्या पाचवीचं नाव मी इथं लिहीत नाही. तिच्या आसपासचे लोक अजून तिथंच राहतात, आणि त्यांना माझी गोष्ट माहीत आहे तेवढी पुरे.

मी लिहिलं: खिडकी पाचवी. माप साधारण इतरांप्रमाणे. अवस्था: चौकट पडलेली, डुकरे शिरतात. उपयोग: काही नाही. मग सूचनेचा रकाना उरला. वहीत रिकामा रकाना मला बघवत नाही. तोंडातला पडलेला दात दिसावा तसा तो दिसतो. म्हणून मी लिहिलं, 'बुजवल्यास बरे.' वर टीपकागद दाबला आणि वही मिटली.

मोठ्या बाईंनी वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि शब्दाला जागल्या. माझ्या अर्जावर चांगल्या चार ओळी लिहिल्या. वही कचेरीत पोचवायला मावशीकडे दिली. कचेरी परकोटाच्या बाहेर. मी एकदा पगाराच्या कागदासाठी गेले होते तेव्हा शाळेपासून मोठ्या दरवाज्यानं वळसा घालून पाऊण तास लागला होता. मावशी अर्ध्या तासात जाऊन परत आली.

"इतक्यात?" मी म्हटलं. "दिलीत ना हातात? का ठेवून आलात कुठे?"

"देली जी, साहेबाच्या हाती देली," ती म्हणाली. "जवळ तं आहे."

मी तिचा गुडघा पाहिला आणि मनात म्हटलं, ही खोटं बोलते आहे. पोचपावती आली तेव्हा ते विसरूनही गेले.

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला लागल्यासारखे गेले. टपाल आलं की मी वर्ग सोडून दाराशी जायची. महाकालीची जत्रा भरली आणि उठली. सकाळची शाळा सुरू झाली. चांद्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. दुपारी माठालासुद्धा हात लावला तर गरम लागायचा. परकोटाबाहेरच्या वस्त्यांच्या विहिरी त्या वर्षी चैत्रातच तळाला गेल्या. खाणीतलं पाणी पंपानं उपसतात म्हणून आमच्या विहिरी आटतात, असं तिकडचे लोक म्हणायचे. खरं-खोटं मला ठाऊक नाही. विहिरी आटल्या होत्या हे खरं.

आणि एका सकाळी शाळा भरली तर वर्गात सात मुली. पाण्याचा रांजण कोरडा. मावशीचा पत्ता नाही. मोठ्या बाई व्हरांड्यात घड्याळ हातात घेऊन उभ्या. ती आली तेव्हा दुसरा तास चालू होता. तोंड लाल झालेलं, गुडघा धरून चालत होती. मागे मुली धुळीनं माखलेल्या.

"खिडकी बुजवली जी," ती पायरीवर बसत म्हणाली. "कालपासून इटा लावून राह्यले. मोठ्या दरवाज्यातून फिरून आली मी."

"खिडकी बुजवली तर घरात अंधार होईल फार तर," मी म्हटलं. "उशीर कशानं होतो?"

यावेळी ती हसली नाही. मुलीही हसल्या नाहीत. मग तिनं साध्या, समजावणीच्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही आमची खिडकी पायली नाई का जी कधी?"

मोठ्या बाईंनी तिला सांगितलं की आणखी दोनदा असा उशीर झाला तर पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघावी लागेल. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या बोलल्या तसं करायच्या.

शाळा सुटल्याबरोबर मी निघाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या बाजूला. शाळेमागच्या गल्लीतून जेमतेम पाच मिनिटं चालले असेन, तर समोर परकोट, आणि परकोटात कमान. माणूस डोक्यावर भारा घेऊन ताठ निघून जाईल एवढी उंच. दगडाच्या उंबऱ्याला मधोमध खळगा पडलेला, पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून पडून झालेला. खिडकी! हिला म्हणतात खिडकी. हा दरवाजाच होता, फक्त धाकटा. कमानीच्या पोटात ताज्या विटांची भिंत उभी होती आणि एक म्हातारा मुसलमान मिस्त्री वरचा शेवटचा थर लावत होता. कमानीच्या अलीकडे वीसेक पावलांवर दगडी विहीर. गोड्या पाण्याची, भरलेली. तिच्यावर दोघीच जणी पाणी शेंदत होत्या. आणि भिंतीच्या पलीकडून आवाज येत होते. पुष्कळ बायकांचे. घागरीवर घागर आपटल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, आणि एक जण मिस्त्रीला चांगल्या सणसणीत शिव्या देत होती.

मिस्त्री न चिडता विटा लावत होता. मला बघून म्हणाला, "शिव्या देऊन राह्यली बिचारी. बरोबर हाय तिचं. पन हुकूम हाय, बाई."

"कुणाचा हुकूम?"

"कचेरीचा. साहेबाचा दौरा हाय म्हनते, त्याच्या आधी परकोट दुरुस्त करून राह्यले. कोन्या तरी बाईनं वहीत लिवलं म्हनते, ही खिडकी बुजवल्यास बरे." त्यानं 'बुजवल्यास बरे' हे शब्द माझ्यासारखे, पुस्तकी उच्चारले. "आता ती बाई कोन, अल्ला जाने."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिथं मी सांगायला हवं होतं. ते सोडून मी काय केलं, तर त्याच्याच अंगावर गेले. त्याच्या घमेल्यात नुसता चिखल दिसत होता, चुन्याचा कणही नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, सरकारी काम आणि नुसत्या मातीत? चुना कुठे गेला? घरी?"

त्यानं थापी थांबवली. मला वाटलं, आता रागावणार. तो एवढंच म्हणाला, "चुना कचेरीच्या कोठीतच हाय, बाई. म्या उचललाच नाई." आणि पुन्हा कामाला लागला.

त्या आठवड्यातच माझा बदलीचा हुकूम आला. वर्धा. दहा दिवसांत हजर व्हावे. ज्या कागदासाठी मी दर टपालाला दाराशी धावत होते, तो हातात घेऊन मी खोलीत इकडून तिकडे फिरत राहिले. ट्रंक उघडली, दोन पातळं आत ठेवली, बाहेर काढली. जेवणाचं ताट तसंच राहिलं. खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि खिडकीचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"न बघता लिहिलंत?"

"हो."

"दुरुस्ती पाठवली तर वही खोटी ठरेल. वहीवर माझी शिफारस आहे आणि शिफारशीवर तुमची बदली आहे." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दहा दिवसांचा प्रश्न आहे. वर्ध्याला हजर व्हा आणि मग तिथून कळवा."

सल्ला वाईट नव्हता. मला फार आवडला. दोन दिवस मी तो मनात घोळवला. त्या दोन दिवसांत मावशी पहाटे भिंतीपलीकडचं आपलं घर सोडून, अधू गुडघ्यानं वळसा घालून, मुलींना वेळेवर आणत होती, कारण उशीर करायची तिची ऐपत नव्हती. शाळेचं पाणी भरून झालं की स्वतःची घागर भरायची आणि भर उन्हात ती डोक्यावर घेऊन तेवढंच परत जायची. पंचवीस-तीस घरांच्या बायका असंच करत होत्या. तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर बसून तळपायाला खोबरेल लावत होती. तळव्याला फोड आले होते. मला बघून तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

मी तिच्या शेजारी बसले. "मावशी, ते वहीत मी लिहिलं होतं. खिडकी बुजवा म्हणून."

तिनं तेलाचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "काऊन जी? आम्ही काय केलं होतं तुमचं?"

रकाना रिकामा होता म्हणून, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? मी रडले. तिनं मला उगी केलं नाही, आणि तेच बरोबर होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मंग आता तुम्ही चालल्या न वर्ध्याले?"

दुरुस्तीचा कागद मी तिथंच, शाळेच्या टेबलावर लिहिला. तो कचेरीत कुणी न्यायचा हा प्रश्न मी येऊ दिला नाही. मावशी उठायला लागली तर मी तिला बसवलं आणि स्वतः निघाले. मोठ्या दरवाज्यानं, उन्हातून. पाऊण तास नव्हे, त्या दुपारी तासभर लागला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा मी पदर कपाळावर ओढून एका निंबाखाली उभी राहिले. माझ्या डोक्यावर घागर नव्हती, हे मला तेव्हा फार नीट कळलं.

कचेरीत दाराला वाळ्याची ताटी लावली होती आणि एक शिपाई तिच्यावर बादलीतून पाणी मारत होता. पाणी ओघळून व्हरांड्यात थारोळं झालं होतं. आत गारवा होता. साहेब तरुण, साताऱ्याकडचे, बोलायला सौम्य. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"खिडकीतून पाणी आणतात? म्हणजे दोरानं?"

"नाही साहेब. चालत. डोक्यावर." मी त्यांच्या टीपकागदावर कमान काढून दाखवली, विहीर काढली, आणि पलीकडे बाया म्हणून पाच-सहा रेघा काढल्या.

त्यांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला. "आम्ही खिडकी म्हटलं की हवा-उजेडाचीच समजणार," ते म्हणाले. "मीही जाऊन पाहिली नाही, ही माझी चूक. पण तुम्ही इथल्याच. तुम्ही पाहिली होती ना, लिहिताना?"

बदलीचा हुकूम माझ्या पिशवीत होता. घडी घातलेला, मला तो बोटांना लागत होता. हो म्हटलं असतं तरी खिडकी उघडली गेली असती, असं मला आजही वाटतं. उतरवताना चूक झाली, असं काहीतरी सांगता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "एकही खिडकी पाहिली नव्हती. टेबलाशी बसून लिहिलं."

साहेबांनी टाक उचलला. माझ्या कागदावर लिहिलं, खिडकी तत्काळ पूर्ववत करावी. मग दुसरा कागद घेतला आणि मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. सर्व स्थळांची माहिती प्रत्यक्ष पाहून पुन्हा लिहावी आणि तोवर या शिक्षिकेस कार्यमुक्त करू नये. दोन्ही कागद त्यांनी माझ्याच हातात दिले. परतीच्या वाटेवर मला त्यांचा राग आला, मावशीचा आला, त्या मागच्या बाकावरच्या मुलीचासुद्धा आला. जटपुरा दरवाज्याशी पोचेपर्यंत तो सगळा माझा माझ्यावरच उरला होता. वर्ध्याची बदली पुढे तीन वर्षं आली नाही.

दुसऱ्या सकाळी शाळा लवकर सोडून मी, मावशी आणि मुली खिडकीपाशी गेलो. मावशीच्या निरोपावरून मिस्त्री आधीच आला होता. पहार नाही, घण नाही, हातात नुसती थापी. कागद वाचायला येत नव्हता तरी त्यानं तो हातात घेऊन शिक्का पाहिला. मग वरच्या विटेखाली थापी घातली आणि वीट अलगद उचलून घेतली. मग दुसरी. अख्खी भिंत खोक्यातून आंबे काढावेत तशी निघत गेली. पलीकडच्या बायकाही आपल्या बाजूनं विटा ओढायला लागल्या.

"चुन्यात लावली असती तं आठ दिवस पहारी चालवा लागल्या असत्या," मिस्त्री म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "भाऊ, म्हणून मातीत?"

"बुजवा असं लिवलं होतं हुकुमात. कायच्यात बुजवा, ते कोनी लिवलं नव्हतं." तो खाली बघून हसला. "माझं घरबी पल्याडच हाय, बाई. माझी बायको याच विहिरीवर येते. त्या दिवशी शिव्या कोन देऊन राह्यली होती, वाटलं तुमाले?"

मी त्याची माफी मागितली. चुन्यावरून बोलल्याची. त्यानं हात हलवला आणि विटा एका बाजूला रचायला लागला.

वाट मोकळी झाली. पलीकडे घागरी घेऊन बायकांची रांग उभी होती, पण कुणी पुढे येईना. मावशीनं मला कोपरानं ढकललं. "तुम्ही निंगा बाई पयले. पायली नाई न तुम्ही."

मी त्या खळगा पडलेल्या उंबऱ्यावर पाय दिला आणि पलीकडे गेले. कमानीत क्षणभर गार वाटलं आणि मग पुन्हा ऊन. समोर कवेलूंच्या छपरांची घरं, एक कोरडी विहीर, लांब खाणीचं धुराडं. आणि वस्तीच्या मागे, एका हाकेच्या अंतरावर, व्हरांड्याची एक लांब इमारत. तिच्या दारांना वाळ्याच्या ताट्या होत्या. मी ओळखली, तरी विचारलं.

"मावशी, ती कचेरी?"

"हाव जी. कचेरीच ते," मावशी म्हणाली. ती घागर घेऊन माझ्या मागोमाग आली होती. "तुमची वही म्या इकूनच तं नेली होती. पदराखाली झाकून. खिडकीत गर्दी होती न, कोनाच्या घागरीचं पानी सांडन तिच्यावर, म्हनून."